नाक एक, वैद्य अनेक

पडेगावात एखाद्या बाळाला सर्दी झाली की ती आधी शेजाऱ्यांना कळते, मग आजीला, आणि सगळ्यात शेवटी बाळाला. आमची नात ठमी सात महिन्यांची. सकाळी दोन शिंका देऊन ती स्वतःच दचकली आणि मग हसत बसली. तोवर समोरच्या खालांनी गच्चीवरून निदान करून टाकलं होतं, "बच्ची को हवा लग गई." कुठली हवा, हे विचारायची गरज नव्हती. डिसेंबरात दौलताबादच्या बाजूने वारं सुटलं की दुपारी उन्हात पाठ भाजते आणि रात्री एका गोधडीने भागत नाही. वर नाशिक रोडच्या ट्रकांची धूळ आहेच. इथे राहून नाकाने कोरडं राहावं, ही अपेक्षाच जरा जास्त.

दुपारपर्यंत नाक चोंदलं, संध्याकाळी अंगात कसर आली आणि घरात वैद्य जमू लागले.

आमच्या सौ.नी वेखंड काढलं, सहाण काढली, ओवा तव्यावर गरम करून पुरचुंडी बांधली. खाला मोहरीच्या तेलात लसूण कडकवून वाटी घेऊन आल्या. पण आधी नजर उतरवा, तेल नंतर, असा त्यांचा क्रम. मीठ, मोहरी, मिरच्या ओवाळून झाल्या. मिरच्या जाळल्यावर ठसका लागला तर दृष्ट नव्हती, नाही लागला तर जबर होती, असा नियम आहे. आमच्या स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखा कुणीतरी चालूच ठेवला होता, त्यामुळे निकाल राखून ठेवावा लागला. वैजापूरच्या आत्याबाईंनी फोनवर जायफळ उगाळायला लावलं. एका मावशींनी "दात येत असतील" म्हणून प्रकरण निकालात काढलं. (पहिल्या वर्षात बाळाला काहीही झालं तरी दात येत असतात. जुलाब झाले, रडलं, पलंगावरून पडलं तरी दातच.) कन्नडचे आमचे थोरले बंधू मात्र ठाम होते. "दोन थेंब ब्रँडी. आपल्या वेळी हेच द्यायचे. मी स्वतः बाटली घेऊन येतो." दोन थेंबांसाठी अख्खी बाटली कशाला, हे वहिनींनी मागून विचारलेलं मला स्पष्ट ऐकू आलं.

एवढ्यात ठमीच्या अंगावर झबलं, स्वेटर, मोजे, टोपडं, टोपड्यावर कानटोपी, दुपटं आणि वरून शाल चढली होती. आत कुठेतरी ठमी होती. सुनेने तो गठ्ठा सोडवत सोडवत काखेपर्यंत वाट काढली आणि थर्मामीटर लावला. १००.८. घरात एकदम शांतता.

"आई, आधी शाल काढू या," सून म्हणाली. शाल गेली, कानटोपी गेली, स्वेटर गेला. जरा वेळाने परत मोजलं, १००.२. आमच्या सौ.नी तत्काळ जाहीर केलं की थर्मामीटर बिघडला आहे. शालीने अंग तापतं हे शास्त्र, आणि शाल काढली की ताप येतो हे घराणं. आमच्याकडे दोन्हींची जुगलबंदी मध्यरात्रीपर्यंत चालते.

९८.६ या आकड्याला आपण लक्ष्मणरेषा मानतो. तो कार्ल वुंडरलिख नावाच्या जर्मन डॉक्टरचा. लाइपझिगमध्ये पंचवीस हजारांवर रुग्णांचा ताप मोजून त्याने १८६८ साली ग्रंथ लिहिला आणि सरासरी सांगितली. सरासरीच ती. निरोगी माणसाचं अंगसुद्धा पहाटे थंड आणि संध्याकाळी जरा कोमट असतं. डॉक्टर मंडळी बाळाला ताप म्हणतात तो १००.४ पासून पुढे, म्हणजे ३८ सेल्सिअस. आपल्याकडे ऊन सेल्सिअसमध्ये पडतं, ताप मात्र अजून फॅरनहाइटमध्येच येतो. पण हे मी सौ.ना सांगितलं नाही. वुंडरलिखला नातवंडं होती का, एवढंच त्यांनी विचारलं असतं.

दुसऱ्या दिवशी छावणीत डॉक्टरांकडे निघालो. नेमका गुरुवार, म्हणजे आठवडी बाजार. रिक्षा शेळ्या आणि मेथीच्या जुड्यांमधून वाट काढत असताना रिक्षावाल्याने आरशात ठमीकडे बघून कांद्याचा तुकडा मोज्यात घालायचा उपाय सांगितला. त्याचे पैसे त्याने वेगळे घेतले नाहीत.

डॉक्टरबाईंनी ठमीला काट्यावर ठेवलं. सात किलो. छाती ऐकली, कान पाहिले, घसा पाहिला. मग म्हणाल्या, "साधी सर्दी आहे. विषाणूची. आठवडा-दहा दिवसांत जाईल."

"औषध?" सौ.

"मिठाच्या पाण्याचे थेंब. नाकात."

"आणि?"

"आईचं दूध. थोडं थोडं, पण जास्त वेळा."

"आणि?"

"वाट बघा, आजी."

आमच्या सौ.चा चेहरा पडला. फी देऊन मिठाचं पाणी मिळतं, हे त्यांच्या हिशेबात बसेना. लाल, गोड, चिकट असं काहीतरी बाटलीतून आल्याशिवाय आपल्याला आजार झाल्याचा विश्वासच वाटत नाही. "खोकल्याचं एखादं सिरप तरी?" त्यांनी शेवटचा प्रयत्न केला.

इथे डॉक्टरबाई गंभीर झाल्या. २०२५ च्या शरदात शेजारच्या मध्य प्रदेशात, छिंदवाडा जिल्ह्यात, असंच खोकल्याचं सिरप पिऊन मुलं दगावली. साधा सर्दीताप घेऊन डॉक्टरकडे गेलेली मुलं. सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष सापडलं. त्याने मूत्रपिंडं बंद पडतात. बरीच लेकरं उपचारासाठी नागपूरला आणली होती, त्यामुळे आपल्याकडच्या डॉक्टरांनी ती डोळ्यांनी पाहिली. वीसहून जास्त मुलं गेली. ऑक्टोबरात केंद्राने परत बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलाला सर्दी-खोकल्याची औषधं लिहून देऊ नका. बाटलीत भेसळ नसली तरी एवढ्या लहान बाळाला त्यांचा फायदा होत नाही, हे त्याआधीही ठाऊक होतं. सौ. गप्प बसल्या. ठमीला त्यांनी जरा घट्ट धरलं.

मग डॉक्टरबाईंनी घरातली एकेक वाटी बाद केली. मध नाही, वर्षाच्या आत बिलकूल नाही; त्यातल्या जिवाणूंचं विष बाळाच्या आतड्यात तयार होऊ शकतं. कापूर नाही, त्याने झटके येऊ शकतात. छातीला चोळायचा बाम नाही. भांड्यातली वाफ नाही, भाजण्याचं भय. नाकात तेल नाही. ब्रँडीचं मी विचारलं नाही. ताप चढून बाळ किरकिरलं तरच पॅरासिटामोल, आणि तेही वजनावर, दर किलोला दहा ते पंधरा मिलिग्रॅम. "हात धुवून बाळाला घ्या, सगळ्यांनी," त्या म्हणाल्या. उशाला पैठणचा नाथसागर असून ज्या शहरात नळाला पाणी कित्येक दिवसांनी येतं, तिथे हा उपाय सगळ्यात महागडा. पण मान डोलावली. "तीन महिन्यांच्या आतलं बाळ असतं आणि १००.४ भरला असता, तर मी अशी गप्पा मारत बसले नसते, थेट घाटी रुग्णालयात पाठवलं असतं," असंही त्यांनी सांगून ठेवलं.

मेडिकलमध्ये कळलं की पॅरासिटामोल म्हणजे एक औषध नव्हे, खानदान आहे. थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम, एका सिरपमध्ये पाच मिलिलिटरला १२५, दुसऱ्यात तेवढ्यातच २५०. म्हणजे थेंबांचं औषध सिरपच्या हिशेबाने चमचाभर दिलं तर झालंच कल्याण. मी बँकेत कॅशियर होतो. चिठ्ठीवरचा आकडा आणि बाटलीवरचा आकडा जुळेपर्यंत मी काउंटर सोडला नाही. मागे रांग लागली होती. लागू दे.

नाकात थेंब घालण्याचा विधी मात्र पाहण्यालायक होता. एवढ्या लहान बाळांना तोंडाने श्वास घ्यायची फारशी सवय नसते, नाक चोंदलं की दूधही ओढता येत नाही. म्हणून थेंब दुधाआधी घालायचे. वाचायला सोपं. प्रत्यक्षात मुलाने डोकं धरलं, सुनेने हात, सौ.नी पाय, आणि मी बॅटरीचा उजेड पाडला. ठमीने आधी आमच्याकडे आलटून पालटून पाहिलं. मग तिने जो सूर लावला तो मिटमिट्यापर्यंत गेला असावा. पहिला थेंब गालावर, दुसरा मुलाच्या मनगटावर, तिसरा आत गेला. ती शिंकली आणि सगळा ऐवज माझ्या चष्म्यावर आला. घरात टाळ्या पडल्या. मग ती आईच्या कुशीत शिरून चटचट दूध प्यायली आणि खाला दारातून म्हणाल्या, "देखा? मैं बोली थी, नजर थी."

रात्री सगळे दमून झोपले आणि श्वास मोजायचं काम माझ्याकडे आलं. डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, बाळ शांत झोपलं असताना पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिने ते एक वर्ष या वयात पन्नास किंवा जास्त भरले, बरगड्यांखाली खड्डा पडू लागला, दूध सोडलं, तर उचलून आणा.

मला गडचिरोलीची गोष्ट आठवली. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तिथे गावोगाव मुलांचा न्यूमोनिया शोधून जागेवर उपचार द्यायला गावातली माणसं तयार केली. त्याने बालमृत्यू घटले, आणि १९९० साली 'लॅन्सेट'ने ते छापलं. पण निरक्षर दाईला पन्नासपर्यंत मोजायला कसं सांगायचं? त्यांनी एक साधं यंत्र केलं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी. दाईला दहापर्यंत मोजता येतं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यावर आलात, तर न्यूमोनिया. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला सहावा मणी लाल, मोठ्याला पाचवा. छापील नोटांच्या गड्ड्या मोजण्यात हयात घालवलेल्या माणसाला ही युक्ती ऐकून मत्सर वाटला, खोटं कशाला सांगू.

माझ्याकडे ते यंत्र नव्हतं. देवघरात सौ.ची रुद्राक्षाची माळ होती. हायवेवरचे ट्रक जाऊ दिले, भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बारावर आला आणि सुरुवात केली. ठमीचं पोट वर, खाली. दहा, एक मणी. वीस, दुसरा. तिसरा सरकला आणि चौथ्यावर बोट ठेवून मी छत्तीसला थांबलो. खात्रीसाठी पुन्हा केलं. मग आणखी एकदा. पहाटे सौ. उठल्या, मला बाळाच्या उशाशी बसून माळ ओढताना पाहिलं आणि दारातच थबकल्या. सेवानिवृत्तीपासून मला देवाचं नाव घ्यायला लावण्याचे त्यांचे प्रयत्न चालू होते. त्यांनी हात जोडले. मी तो गैरसमज तसाच राहू दिला.

ठमी आपल्या गतीने बरी झाली. श्रेयाचे फोन मात्र लगेच आले. आत्याबाईंना जायफळ लागू पडलं होतं, रिक्षावाल्याने रस्त्यात थांबवून कांद्याचं विचारलं, आणि बंधूंनी, आपण बाटली आणली नाही तरी आणायचं ठरवलं यानेच फरक पडला, असं सुचवलं.

आणि मग सर्दी माझ्याकडे आली. ठमीला जे जे चालत नव्हतं ते ते मला चालत होतं. मध चाटवला, कपाळावर वेखंड थापलं, ओव्याची पुरचुंडी छातीवर आली, पातेल्याच्या वाफेवर डोकं धरलं गेलं, खालांचं लसणीचं तेल तळपायांना लागलं. बंधू संध्याकाळी खरोखरच बाटली घेऊन हजर झाले. वहिनीही सोबत आल्यामुळे ती पिशवीतच राहिली. रात्री मी कण्हत होतो, तेव्हा सौ. माळ घेऊन उशाशी बसल्या. घड्याळाकडे बघत, माझ्या पोटाकडे बघत, त्यांनी अगदी शास्त्रशुद्ध पूर्ण मिनिट मोजलं.

"किती?" मी खोल आवाजात विचारलं.

"अठरा. तुम्हाला काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "उठा, नळाला पाणी आलंय."