मॉनिटरचा बायोडेटा

पेनड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स सुरू करावं आणि रुंद मॉनिटरवर ढब्बू आयकॉन, आडवी फुगलेली अक्षरं, ‘ओके’चं बटण पडद्याखाली गडप असा देखावा दिसावा, की घरातला जाणता माणूस लगेच निकाल देतो : ‘फुकटचं ते फुकटचंच!’ हा निकाल मला मान्य नाही. आधी सेटिंगमध्ये रिझोल्यूशन १०२४×७६८ तर नाही ना, ते बघा. असेल, तर बहुधा लिनक्सचा दोष नाही. मॉनिटरचा बायोडेटाच त्याच्यापर्यंत पोचलेला नाही. ईडीआयडी नावाच्या या १२८ बाइटांच्या कागदात कंपनी, जन्मवर्ष, सेंटिमीटरमध्ये उंची-रुंदी, झेपणारी रिझोल्यूशनं असं सगळं असतं. लग्नाच्या बायोडेटापेक्षा तो जास्त विश्वासाचा, कारण सगळ्या बाइटांच्या बेरजेला २५६ ने निःशेष भाग जावा लागतो. न गेल्यास कर्नलला संशय येतो. व्हीजीए केबलमध्ये हा कागद बाराव्या आणि पंधराव्या पिनेवरून येतो, रंग मात्र पहिल्या तिनांवरून. त्यामुळे स्वस्त केबलीत किंवा कन्व्हर्टरमध्ये त्या दोन पिनांची वाट लागली तरी चित्र झकास दिसतं आणि केबलवर कुणाचा संशय जात नाही. बिनओळखीच्या स्थळाकडे लिनक्स मग सर्वांना झेपेल एवढंच मागतं. जुने काचेचे मॉनिटर भलत्या फ्रिक्वेन्सीनं बिघडू शकत, तेव्हा लिनक्सची ही भीती अगदीच बाळबोध नाही.

‘पण त्याच केबलवर विंडोज नीट चालतं!’ असा आक्षेप येतोच. चालणारच. ते डिस्कवर मुक्कामाला असतं, एकदा निवडलेलं रिझोल्यूशन नोंदवून ठेवतं. लाइव्ह सिस्टिम दर वेळी कोरी पाटी घेऊन उठते. दुसरे सल्लागार म्हणतात, ‘नोमोडसेट टाका.’ पडदा काळाठिक्कर राहत असेल तर जरूर टाका. पण त्यानं ग्राफिक्स ड्रायव्हरला पडद्याचा मोड ठरवायलाच बंदी होते. फर्मवेअरनं दिलं त्यावर भागवायचं. रिझोल्यूशन वाढवायला निघालेल्यानं हे करणं म्हणजे मध्यस्थालाच हाकलणं. त्यापेक्षा ग्रब या बूटलोडरच्या मेनूत ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’नं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी ‘व्हिडिओ’, बरोबरचं चिन्ह आणि १९२०×१०८० असं इंग्रजीत लिहा (गुणिलेच्या जागी साधा एक्स), मग एफ-१० दाबा. आधी कुणी नोमोडसेट लिहून ठेवलं असेल तर ते खोडा, नाहीतर या ओळीला कुणी विचारत नाही. ‘हे काय, दर वेळी टाइप करायचं?’ हा आक्षेप मात्र रास्त आहे, आणि त्यावर नवी केबल हेच उत्तर. सिस्टिम सुरू झाल्यावर एक्सरँडर या आज्ञेनंही नवा मोड जोडता येतो, पण तो एक्सऑर्ग या जुन्या डिस्प्ले व्यवस्थेवर. वेलँड या नव्या व्यवस्थेवर ती आज्ञा मोड जोडून देत नाही. मोडचे आकडे सीव्हीटी नावाचं साधन काढून देतं. १३६६ रुंदी सांगितली तर ते परस्पर १३६८ करतं, कारण त्याचा हिशेब आठाच्या पटीत चालतो. त्या दोन पिक्सेलांवरून त्याच्याशी वाद घालू नये.