माडीवर येऊ नका

घरातल्या जमिनीचे दोनच प्रकार. जिच्यावर आपण चालतो ती, आणि जिच्यावर कोणी चालू नये म्हणून आपण पहारा देतो ती. सागाच्या फळ्या घासून पॉलिशला घेतल्या की पहिल्या प्रकारची जमीन दुसऱ्यात जाते. शहरातल्या फ्लॅटात दाराला कडी घातली की पहारा संपला. आमचं गाव नागरा, गोंदियाला लागून. इथे दिवसा कडी दिसली, तर घरात कोण आजारी आहे हे विचारायला अर्धी आळी येते.

आमच्या घरात खाली शेणानं सारवलेली जमीन आणि वर माडीला सागाच्या फळ्या. त्या फळ्यांवरून धानाची पोती ओढली गेली, मिरच्या वाळल्या, लाखोळी साठवली गेली आणि प्रत्येक पिढीनं आपापल्या वाटणीचा एकेक खिळा वर काढून ठेवला. दिवाळीनंतर ही जमीन घासायची, असं मी जाहीर केलं तेव्हा आई सारवत होती. "शेण कालवलं, हात फिरवला, उन्हानं वाळलं. याले मशीन कायले पायजे?" या प्रश्नाला उत्तर नव्हतं, म्हणून मी मशीन आणायला गेलो.

घासण्याचं शास्त्र सरळ आहे. आधी खिळ्यांची डोकी ठोकून फळीच्या आत बसवायची, नाहीतर पॉलिश पेपर फाटतो. मग 40 नंबरचा पेपर, मग 80, मग 120. नंबर मोठा तसा पेपर बारीक. सरकारी फायलीसारखं इथेही मधलं टेबल चुकवता येत नाही. प्रत्येक पेपरचं काम आधीच्या पेपरचे ओरखडे काढणं एवढंच. मधला वगळला, तर 40 नंबरचे ओरखडे तोंड मिटून बसतात आणि पॉलिशचा हात फिरला की एकदम बोलू लागतात.

शास्त्र एवढंच सांगत नाही, की माडीची जमीन हेच खालच्या घराचं छत असतं. वर मशीन सुरू झालं की भुसा फळ्यांच्या फटींतून थेट वरणात उतरतो. सागाचा भुसा नाकात गेला की अनेकांच्या शिंका थांबत नाहीत आणि त्या अनेकांत आमचे बाबा पहिले. दोन शिंकांच्या मधे जागा काढून ते म्हणाले, "आपुन घरात जेवून रायलो का आरामशीनीत?"

पण घासणं ही नुसती मेहनत. खरा पेच पॉलिशचा. गोंदियाच्या दुकानात कोणीही आधी 'इटालियन' डबा पुढे करतो. आत असतं पॉलियुरेथेन. 1937 साली जर्मनीत ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेलं. टिकाऊ खरं, पण एक हात मारला की दुसऱ्यासाठी तासन्‌तास थांबा. त्याआधी हे काम लाखेचं होतं. पळस-कुसुमाच्या फांद्यांवर लाखेचे किडे राळ सोडतात, ती शुद्ध करून चपडी लाख होते आणि स्पिरिटमध्ये विरघळते. 1849 साली विल्यम झिन्सर यांनी न्यूयॉर्कमध्ये हाच धंदा सुरू केला. पुढे कितीतरी वर्षं अमेरिकेतल्या घरांच्या लाकडी जमिनी लाखेनं चमकत होत्या, ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्याही लाखेच्याच. म्हणजे पळसावरच्या किड्याच्या राळेनं अमेरिका पाहिली आणि आम्ही पळसाखाली उभं राहून इटालियन डब्याचा भाव विचारतो.

जवसाचं तेलही चालतं. आमच्याकडे धानाच्या बांधीत जवस होतोच. पण हे तेल वाळताना उष्णता सोडतं, त्यामुळे तेलानं भिजलेल्या चिंध्यांचा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या सुट्या पसरून वाळवाव्या लागतात. हे सांगितल्यापासून आई जवसाच्या चटणीच्या बरणीकडे संशयानं पाहते.

मी लाख निवडली ती चमक पाहून नव्हे, पाहुणे पाहून. दिवाळीनंतर आमच्या या झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. रात्री नाटक असतं आणि दिवसा पाहुणे असतात. लाखेचा पातळ हात तासाभरात हाताला कोरडा लागतो. तेवढा तास लढवला की झालं, असा माझा हिशेब. जिन्याच्या तोंडाशी मी स्टूल टाकून बसलो.

"का करून रायले जी भाऊ?"

"पॉलिश. ओलं हाय, वर येऊ नका."

"ओलं हाय का?" असं म्हणून मामाजींनी पहिल्या फळीवर अंगठा दाबला. 'ओलं आहे' या विधानावर आपल्याकडे कोणाचाच विश्वास नाही, ते बोट लावूनच सिद्ध करावं लागतं. मागून आलेल्या काकाजींनी मात्र समजूतदारपणा दाखवला. "मी चप्पल काढूनच येतो जी," म्हणाले आणि अनवाणी खिडकीपर्यंत जाऊन मंडईची गर्दी पाहून आले.

लाख या बाबतीत मोठ्या मनाची. नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो, त्यामुळे अंगठा, टाच सगळं पोटात घेते. तिचे रुसवे वेगळे. पाणी सांडून राहिलं किंवा गरम चहाचा कप टेकला, की पांढरा डाग. पावसाळी हवेत हात मारला तर दुधाळ पडते. दारू सांडली तर विरघळूनच जाते. पाहुण्यांना चहा खालीच द्यायचा, याला तेवढं कारण पुरलं.

महाशिवरात्रीला नागऱ्याच्या शिवमंदिराची यात्रा भरली तेव्हा माडी आरशासमान झाली होती. दर्शन आटोपून एक दूरचे जावई वर आले. खाली वाकले, बोटानं टकटक केलं आणि विचारलं, "लाकडाच्या डिझाइनची टाइल मस्त हाय जी. फुटाले कितीची पडली?"

मी तोंडाला येईल तो भाव सांगितला.

"महाग लावली," ते म्हणाले. "मले सांगितलं असतं, तर गोंदियातून स्वस्तात आणून दिली असती."