नोंद घेतली!

डोंबिवली पूर्वेला स्टेशनातून बाहेर पडून रिक्षांच्या रांगेला वळसा घातला, की दर दोन गल्ल्यांआड एक पोळी-भाजी केंद्र लागतं. संध्याकाळच्या फास्ट लोकलमधून उतरलेली माणसं तिथे पोळ्या घेतात, भाजी घेतात आणि घर गाठतात. दीड मिनिटाचा व्यवहार. आमचे काका तो चार-पाच मिनिटांवर नेतात, कारण त्यांना गिऱ्हाइकाचं मत हवं असतं.

काका बँकेतून निवृत्त झाले आणि काकूंच्या केंद्रात रुजू झाले. 'रुजू' हा त्यांचाच शब्द. तोवर काकू पोळ्या लाटणाऱ्या दोन मावशींच्या जोरावर केंद्र एकट्या चालवत होत्या, आणि छान चालवत होत्या. काकांनी पहिल्याच आठवड्यात गल्ल्याशेजारी एक वही ठेवली. जुनी डायरी, तिला सुतळीने बांधलेलं पेन आणि पानावर पट्टीने आखलेले चार रकाने : तारीख, पदार्थ, तक्रार, कार्यवाही. कौतुकाला रकाना नाही. "कौतुकानं भाजी सुधारते का?" असा त्यांचा सवाल असतो.

साडेसातनंतर लागोपाठ दोन गाड्या येतात. रांग पार बाहेरच्या फुटपाथवर जाते. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात लोकलमध्येच निवडलेल्या मेथीची पिशवी, खांद्यावर लॅपटॉप, अशा अवस्थेतल्या बाईला काका नेमकं तेव्हाच विचारतात, "ताई, कालची गवार कशी होती?"

"मस्त होती, काका."

"मस्त म्हणजे काहीच नाही. नेमकं सांगा. स्पष्ट सांगा, आपल्याला राग येत नाही."

येतो. कानाच्या पाळ्या लाल होतात. पण आवाज चढत नाही. ते चष्मा कपाळावर सरकवतात, पेन उघडतात, "नोंद घेतली" म्हणतात आणि खरोखरच घेतात. मागची रांग उसासे टाकते. काकूंचा आतून आवाज येतो, "अहो, आधी सुट्टे द्या त्यांना!"

ती वही मी एकदा रांगेत उभ्याउभ्या चाळली. एकाच तारखेला, एकाच बटाट्याच्या भाजीपुढे, एका ओळीत 'मीठ कमी' आणि खालच्या ओळीत 'मीठ जास्त'. कार्यवाहीच्या रकान्यात काकांच्या सुवाच्य अक्षरात : 'मतभिन्नता. प्रतीक्षा करावी.' कोल्हापूरकडच्या एका गृहस्थांनी चार वेळा लिहिलंय, 'ह्यात तिखट कुठाय?' आमटीत गूळ वाढवा, असं सांगणारं एक कुटुंब आहे आणि आमटीतला गूळ आधी काढा, असं सांगणारं त्यांच्याच वरच्या मजल्यावरचं दुसरं. 'दुधी बंद करा' ही मागणी तर इतक्या जणांची, की काकांनी एक आठवडा दुधी खरंच बंद केला. तिसऱ्या दिवशी सही करणाऱ्यांपैकीच एक जण काउंटरवर : "दुधी नाही का आज? आईला डॉक्टरांनी सांगितलाय."

भाकरीचं प्रकरण यापेक्षा महाग पडलं. डाएटची हवा होती. जो येईल तो म्हणे, काका, ज्वारीची भाकरी ठेवा, आम्ही रोज नेऊ. वहीत दोन पानं भरली. काकांनी भाकऱ्या थापणारी बाई शोधली, परात आणली, पाटी रंगवली. पहिल्या दिवशी चार खपल्या, दुसऱ्या दिवशी तीन. मागणी करणारे रोज येत होते, पाटी वाचत होते, "अरे वा, सुरू केलीत!" म्हणत होते आणि पोळ्यांचं पाकीट उचलून जात होते. शनिवारी त्याच मंडळींनी पुरणपोळीची आगाऊ ऑर्डर दिली. काका-काकूंनी तो आठवडा दोन्ही वेळा पिठलं-भाकरी खाल्ली. मला विचाराल तर माणसाला काय हवंय हे त्याला विचारून अर्धंच कळतं. त्याला आपण कसं असावंसं वाटतं, तेवढं मात्र हमखास कळतं.

काकूंची पद्धत निराळी. त्या कुणालाच काही विचारत नाहीत. रोज डबे नेणारी काही घरं आहेत. सकाळी डबे परत आले, की घासायला टाकण्याआधी काकू झाकण उघडून बघतात. कुठल्या डब्यात भाजी उरली, रस उरला की फोडी उरल्या, पोळीची फक्त कड उरलीय का. कड उरली म्हणजे वातड झाली होती, की लाटणाऱ्या मावशींना तिथल्या तिथे निरोप. वहीत याची नोंद नसते.

एक आजी रोज संध्याकाळी यायच्या. पाकीट पाच पोळ्यांचं. आजी एकट्या. त्या पाकीट घेऊन पायरीपाशी थांबायच्या आणि मागून येणाऱ्या एखाद्या मुलीला विचारायच्या, "अगं, यातल्या तीन हव्यात का तुला? पैसे नंतर दिलेस तरी चालतील." काकूंनी हे दोनदा आतल्या खिडकीतून पाहिलं. तिसऱ्या दिवशी काउंटरवर दोन पोळ्यांची पाकिटं होती आणि शेजारी वाटीभर भाजीच्या लहान डब्या. आजींना कुणी काही बोललं नाही. त्या दोनचं पाकीट घेऊन सरळ घरी गेल्या. आता रोज तीच पाकिटं आधी संपतात, कारण एकटी राहणारी म्हातारी माणसं आणि भाड्याच्या खोल्यांतली नोकरदार पोरं या भागात आहेत तरी किती! काकांनी हे वहीत तारखेनिशी चढवलंय. तक्रारीच्या रकान्यात लिहिलंय, 'निरंक'. तिथे त्यांचं पेन जरा रेंगाळलं असावं, शाईचा ठिपका मोठा पडलाय.

काकांचं आवडतं उदाहरण लिज्जत पापडाचं. वही कशाला, असं कुणी म्हणालं की ते सुरू होतात : 1959 साल, गिरगावातली गच्ची, सात बायका, उसने घेतलेले 80 रुपये. सुरुवातीला चांगला आणि स्वस्तातला असे दोन प्रतींचे पापड निघायचे, मग छगनबापा पारेखांनी सांगितलं की एकच प्रत ठेवा आणि ती चांगली ठेवा. "दर्जा, साहेब, दर्जा! आणि दर्जा कळणार कसा? गिऱ्हाइकाला विचारून!" यावर काकूंचं एकच वाक्य ठरलेलं आहे, "त्या बायका पापड लाटत होत्या. वह्या नव्हत्या आखत."

दिवाळीत चकलीवर जो अभिप्रायांचा पाऊस पडतो, त्यापुढे सगळं फिकं. कडक आहे, मऊ आहे, तेलकट आहे, काटे बोथट आहेत. काका रोज रात्री यादी वाचून दाखवतात आणि काकू 'बरं, बदलते' म्हणतात. दुसऱ्या दिवशी काका तक्रारदाराला नवी चकली चाखवतात. तो खातो, डोळे मिटतो, "आता कसं! आता जमली!" वहीत लाल शाईने : 'बदल यशस्वी.' भाजणी सासूबाईंच्या वेळची आहे. तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, मूग, धणे, जिरे. प्रमाणात आजवर चिमटीचाही फरक झालेला नाही. काकूंनी हे मला डोळे मिचकावून सांगितलं. काकांना ठाऊक नाही, असं त्यांचं म्हणणं. मला शंका आहे. बँकेत जन्म काढलेल्या माणसाला हरभरा डाळीची बिलं वाचता येत नसतील?

एकदा कुणा कॉलेजच्या पोराने फोनवरून केंद्राला एकच तारा दिला. कारण लिहिलं, 'पार्किंग नाही'. दहा बाय बाराचा गाळा! काका दोन दिवस अस्वस्थ होते. समोरच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटूनही आले.

आणि परवा वहीत कुणीतरी निनावी लिहिलं, 'काका, प्रश्न कमी विचारा.' कुणीही पान फाडलं असतं. काकांनी नियमाप्रमाणे पदार्थाच्या रकान्यात 'मी' लिहिलं, कार्यवाहीत 'विचाराधीन', आणि त्या संध्याकाळी ऐन गर्दीत प्रत्येकाला थांबवून विचारलं, "मी फार प्रश्न विचारतो का हो? स्पष्ट सांगा."

सगळे म्हणाले, "छे छे, काका!" रांग फुटपाथ सोडून औषधाच्या दुकानापर्यंत गेली होती. तरी कुणी शेजारच्या केंद्राकडे वळलं नाही, हेही मी पाहिलं.

सध्या सातवी वही चालू आहे. तुम्हाला काही सांगायचं असेल तर जरूर सांगा, पण कृपा करून साडेसातच्या आत या.