मुरू दे!

मुंबईत दादर-माहीमच्या बाजूला, समुद्राचा वारा थेट आवारात येतो अशा एखाद्या जुन्या सोसायटीत एक प्रीमियर पद्मिनी उभी असते आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आलेले दिसतात. त्या पायांना आपण नाना म्हणू. नाना निवृत्त आहेत. कुठून, ते विचारू नये. सांगायला ते गाडीखालून बाहेर येतात आणि आपली संध्याकाळ जाते.

नाना मेकॅनिक नाहीत. गाडी चालवायचीही त्यांना फारशी हौस नाही. त्यांचा विषय एकच, न सुटणारा नट. सरळ सुटणाऱ्या नटाबद्दल त्यांना काडीचा आदर नाही. तो हाताने फिरला की ते तोंड वाकडं करतात, डबीत टाकतात आणि पुढचा शोधतात. एखादा नट पान्याला दाद देईनासा झाला, की मात्र चेहरा उजळतो. “हा बसलाय,” असं ते हलक्या आवाजात म्हणतात आणि आतून चटई मागवतात.

पद्मिनी ही या माणसासाठीच कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झाली असावी. १०८९ सीसीचं इंजिन, साधी रचना, बॉनेट उघडलं की सगळं दिसतं, हात पोचतो आणि पोचतो तिथे गंज असतो. २०२३च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून गेली, तेव्हा लोकांनी फोटो काढले, हळहळले. नानाही हळहळले. “भंगारात गॅस कटरने कापतील रे,” ते म्हणाले. “एकेक नट नीट काढता आला असता!”

नट का बसतो, हे नाना कुणालाही सांगतात. दूधवाल्यालाही सांगून झालं आहे. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. आट्यांमधली फट केसाएवढी, त्यात हा फुगलेला पाहुणा. खारी हवा त्याला आणखी चेव आणते. म्हणजे नट कुणी जोरात आवळलेला नसतो, आतून अडवलेला असतो. “तेव्हा जोर कशाला लावायचा? त्याला अडचण काय आहे, ते बघायचं.” सख्ख्या भावाच्या फोनवर ‘कामात आहे’ म्हणून सांगायला लावणारा हा माणूस नटाची अडचण समजून घेतो, हे ऐकताना घरातली मंडळी एकमेकांकडे बघतात.

उपचार ठरलेले आहेत. आधी तारेच्या ब्रशने आटे साफ. मग तेल. मग हातोडीने बारीक टकटक, कारण हादऱ्याने गंजाला तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. आणि मग नानांचा मूलमंत्र, “मुरू दे!” नाना तेल सोडतात आणि चहाला जातात. चहानंतर पुन्हा तेल सोडतात आणि झोपतात. पाना लागतो तो दुसऱ्या दिवशी, तोही षटकोनी गोटीचा, म्हणजे सॉकेटचा. बारा कोन असलेली गोटी नटाचे कोपरे खाते म्हणून ती त्यांच्या घरात येऊ शकत नाही. आणि पहिला झटका सोडवायचा नाही, आवळायचा! किंचित आवळला की गंजाची पकड मोडते. मग पाव फेरा उलट, पुन्हा थोडा सुलट, थेंबभर तेल, पुन्हा उलट. बघणाऱ्याला वाटतं, नानांना नट काढायचा आहे की नाही हेच ठरत नाहीये.

तेलांचं कपाट पाहण्यासारखं आहे. रॉकेलचा जमाना गेला याचं दुःख त्यांच्याएवढं गॅस नसलेल्या बायकांनाही झालं नसेल. हल्ली कुठून तरी ऐकून ते ॲसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल निम्मं-निम्मं हलवून वापरतात. सुनेच्या नेलपॉलिश काढायच्या बाटल्या तेव्हापासून लवकर संपतात. डब्ल्यूडी-४० बद्दल त्यांना आदर आहे, पण तेलापेक्षा त्याच्या इतिहासाबद्दल जास्त. १९५३ साली अमेरिकेत सॅन दिएगोला ॲटलस क्षेपणास्त्राचा पत्रा गंजू नये म्हणून पाणी हटवणारं रसायन शोधत होते. चाळिसावी कृती जमली, म्हणून नाव ४०. “एकोणचाळीस वेळा फसले,” नाना बोट वर करून म्हणतात, “पण कुणी हातोडा उचलला का?”

हातोडा उचलणारी जात वेगळी. प्रत्येक सोसायटीत नानांबरोबर एक पाईपवालाही असतो. हा तरुण, व्यायामशाळेत जाणारा. पान्याच्या दांड्यावर पाण्याचा पाईप चढवून तो त्यावर उभा राहतो. एकदा कुणाची तरी जुनी विलीज जीप आली. डाव्या चाकाचा नट सुटेना. पाईपवाला पाईपवर चढला, नाचला, मित्राला चढवला. शेवटी काडकन आवाज आला आणि बोल्टचं टोक गटारापर्यंत गेलं. नाना खुर्चीवर बसून सगळं बघत होते. मग उठले, ते टोक शोधून आणलं आणि त्यावर कोरलेलं ‘एल’ दाखवलं. या जीपच्या डाव्या चाकांचे आटे उलटे असतात. मंडळी इतका वेळ नट आवळत होती. “आधी सांगायचं ना, नाना!” “आधी विचारलंत?”

नाना आगही लावतात, पण विचार करून. नट तापवायचा, बोल्ट नव्हे. नट फुगतो, भोक मोठं होतं. गरम आट्यांना मेणबत्ती टेकवली की मेण आत ओढलं जातं आणि नट लोण्यातून सुटावा तसा सुटतो. पेट्रोलची टाकी किंवा ब्रेकची नळी जवळ असेल तर मात्र ते ब्लो लॅम्पला हातही लावत नाहीत. तिथे महिनाभर मुरवायचीही तयारी. एक्झॉस्टचा स्टड आतच तुटला, तर मात्र त्यांचा सण. उरलेल्या ठोंबावर नवा नट वेल्ड करून घ्यायचा, वेल्डिंगच्या उष्णतेने गंजही ढिला होतो. इलाजच नसेल तर भोक पाडून ईझी आउट, म्हणजे तुटका तुकडा उलटा फिरवून काढायचं कडक पोलादाचं हत्यार. ते आतमध्ये तुटलं, तर ड्रिलही त्याला कापत नाही. असं एकदा झालं, तेव्हा नाना जेवायला उठले नाहीत आणि नानी म्हणाल्या, “मुरू दे त्यांना.”

नट सुटला की नानांचा गाडीतला रस संपतो. ते आटे पुसतात, तांब्याचं ग्रीस लावतात, म्हणजे पुढे हा नट कधीच बसू नये. अशा रीतीने स्वतःचा धंदा ते स्वतःच बुडवतात. पण समुद्र त्यांच्या बाजूने आहे.

परवा त्यांचा पुतण्या आला. “नाना, उद्या पहाटे पुण्याला निघायचंय, सायलेन्सर उतरवायचाय.”

“मग आज का आलास? गणपतीतच यायचं होतंस.”

तुमची गाडी जुनी असेल, तर या माणसाला जरूर बोलवा. त्याच्याइतका सबुरीचा कारागीर पैसे देऊनही मिळत नाही. फक्त त्या महिन्यात तुम्हाला गाडीने कुठे जायचं नसावं.