अँडीजचा पाहुणा, शेलूचा उन्हाळा

वांगणी आणि नेरळच्या मधल्या शेलूत माणसे फ्लॅट परवडतो म्हणून येतात. चिंचिला का येतो, हे त्याला कुणी विचारलेले नाही. हा कुरतडणाऱ्या प्राण्यांतला गडी मूळचा चिलीतल्या अँडीज पर्वतातला. कातडीच्या एकेका छिद्रातून पन्नासाहून जास्त केस! पारा पंचविशीच्या फार वर गेला की त्याच्या जिवावर बेतते, आणि आपल्याकडे मे महिन्यात चाळिशीची कुणी बातमीही करत नाही. म्हणून माणसे पंख्याखाली आणि एसी साहेबांच्या खोलीत. वीज गेली की आजी पदराने वारा घेते. तो थंड फरशीच्या तुकड्यावर पोट टेकून, दोष आपलाच असल्यासारखा बघत बसतो.

पाणी वर्ज्य. भिजला की केस लवकर वाळत नाहीत, बुरशी धरते. म्हणजे जुलैत खिडक्या बंद. अंघोळ धुळीत. शेलूत बांधकामांची धूळ फुकट, पण साहेबांना पाकिटातली, विकतची लागते. शिवारात पेंढ्याच्या गंजी, यांना मात्र टिमथी गवत!

फायदा? आहे की. पहाटेच्या लोकलसाठी गजर नको. स्वारी निशाचर, दात जन्मभर वाढणारे. रात्रभर उड्या आणि कुरतडणे. पण हात फिरवला की राग विरघळतो. याच मऊपणापायी माणसाने त्याचे कोट शिवले, रानातला चिंचिला जवळजवळ संपवला. आता विजेच्या बिलातून परतफेड चालू आहे.

तो पंधरा-वीस वर्षे जगतो. घेणार असाल, तर गृहकर्जाच्या अर्जावर सहअर्जदार म्हणून त्याचेही नाव घाला.