एक, दोन... तिसरा कुठंय?

पापनाशमला उतरलो तेव्हा भावोजी मला घ्यायला स्टेशनवर आले होते. तंजावरहून कुंभकोणमकडे निघालं की पंचवीसेक किलोमीटरवर हे गाव लागतं. बॅग सावरत मी फलाटावर पाय ठेवला. भावोजींनी ना 'या' म्हटलं, ना प्रवासाची चौकशी केली. पायाशी घोटाळणाऱ्या पोरांवरून त्यांचं बोट फिरलं, "एक, दोन, तीन," आणि तेच बोट माझ्यावर येऊन थांबलं, "चार. चला."

ताई फोनवर सांगायची ते आजवर मी थट्टेवारी नेत होतो. तिळ्यांच्या बापाला माणसं दिसायची बंद होतात. त्याला शिल्लक दिसते.

भावोजी मूळचे असे नव्हते. घराणं तंजावरी मराठी. 1676 च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावरची गादी घेतली, त्या मागोमाग जी मंडळी कावेरीकाठी आली आणि परतायचं विसरली, त्यांतलं. गल्लीत सगळे त्यांना 'रावजी' म्हणतात. नोकरी बँकेत. लग्नाआधी संध्याकाळी पापनाशम शिवन यांच्या कृती गुणगुणत ओटीवर बसायचे, असं त्यांची आई, म्हणजे अज्जी, सांगते. आता गुणगुणणं गेलं, ओटी पोरांच्या ताब्यात गेली, आणि बँकेतून येताना रोकड जुळवायची सवय तेवढी घरी आली.

ही जात ओळखायला सोपी आहे. तिळ्यांच्या बापाच्या खिशात गोळ्या असतात त्या तीन, आणि तिन्ही एकाच रंगाच्या. फुगेवाल्याकडे लाल फुगे दोनच उरले असतील तर तो एकही घेत नाही आणि रडणारी तिन्ही पोरं ओढत घरी आणतो. मी म्हटलं, अहो, तिसरा निळा घ्यायचा. त्यांनी माझ्याकडे नव्या कारकुनाकडे पाहावं तसं पाहिलं. "मामा, तिघं रडली तर तासाभरात गप्प होतात. एकटं रडलं तर दिवाळीपर्यंत खटला चालतो."

बँकेतला माणूस असल्यामुळे त्यांनी या प्रकरणाचा हिशेबही करून ठेवला होता. 1895 साली हेलिन नावाच्या डॉक्टरनं ठोकताळा मांडला होता, की 89 बाळंतपणांत एकदा जुळं होतं आणि तिळं व्हायचं तर 89 गुणिले 89. "सात हजार नऊशे एकवीस," भावोजी म्हणाले. "एवढ्यांत एक, आणि तो मी. लॉटरीचं तिकीट आयुष्यात कधी लागलं नाही."

गावाला मात्र कौतुक. या मुलखात तीन म्हटलं की कर्नाटक संगीतातले त्रिमूर्ती आठवायचेच, त्यामुळे बारशापासून येणारा-जाणारा 'मुम्मूर्ती आले' म्हणत होता. भावोजींचं उत्तर ठरलेलं असे. "श्यामा शास्त्री 1762, त्यागराज 1767, दीक्षितर 1775. जन्मले तिघंही तिरुवारूरला, मान्य. पण तेरा वर्षांत, वेगवेगळ्या घरांत, रीतीनं एकेक करून आले. त्यांच्या बापांना काय त्रास?"

आमची तिघं सात मिनिटांत आली. पहिला मुलगा, मग मुलगी, मग पुन्हा मुलगा. तरी घरात थोरला, मधली, धाकटा अशी नीट उतरंड आहे आणि थोरला आपल्या सात मिनिटांचा मान पुरता वसूल करतो. वय वर्षं चार.

मी गेलो ते नवरात्रात. तिकडं घरोघरी गोलू मांडतात, म्हणजे विषम संख्येच्या पायऱ्या आणि त्यावर बाहुल्या. ताईच्या सासरी पूर्वी नऊ पायऱ्या असत. तिळे रांगायला लागल्यावर सात झाल्या, चालायला लागल्यावर पाच, आणि यंदा तीन, त्याही टेबलावर चढवलेल्या. गोलूत मरप्पाची म्हणून लाकडी राजा-राणीची जोडी असतेच असते. आता दोन बाहुल्या आणि ठेवणारे हात तिघांचे. पहिल्याच दिवशी राणीचा एक कान गेला. भावोजींनी कुंभकोणमहून तिसरी बाहुली आणली, पण राजा सुटा मिळेना, म्हणून राणी आणली. संध्याकाळी हळदीकुंकवाला आलेल्या बायका राजाच्या दोन्ही बाजूंना बघून एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या. अज्जी शांतपणे सुंडल वाढत म्हणाली, "तंजावरच्या राजांचा गोलू आहे, एकीवर भागायचं कसं?"

सुंडलसुद्धा भावोजी मोजून देत. वाटीत हरभरे समान यावेत म्हणून ते चमच्यानं सपाट करत, जसं काही सोनं तोलताहेत. तरी मधलीचा दावा असे की तिच्या वाटीत खोबरं कमी आहे. खोबरं खरंच कमी असे, कारण तोवर तिनं ते खाल्लेलं असे.

मला तिकडं बोलावलं होतं ते प्रेमानं नव्हे, मांडीसाठी. तमिळ मुलखात कान टोचायचे ते मामाच्या मांडीवर. तीन भाचरं म्हणजे सहा कान, आणि मामा एक. मुहूर्त विजयादशमीचा धरला होता, जागा गावातल्या एकशेआठ शिवालयाची. रामानं आपलं पाप फेडायला तिथं एकशेआठ शिवलिंगं स्थापली अशी कथा आहे, गावाचं नावही त्यावरूनच सांगतात. आत लिंगांच्या रांगाच रांगा, एकासारखं दुसरं.

थोरल्याला आधी घेतलं, मान त्याचाच. सोनारानं पहिला कान टोचला. पोरानं असा टाहो फोडला की दिवा हलला. दुसरा कान होईपर्यंत मधलीला आणि धाकट्याला संपूर्ण परिस्थितीचं आकलन झालं होतं. मी मान वर केली तर शेजारी कुणी नव्हतं.

पुढचा अर्धा तास त्या देवळात जे चाललं त्याला लपाछपी म्हणणं म्हणजे अपमान आहे. चार वर्षांचं पोर शिवलिंगामागे बसलं की बसल्याजागी अंतर्धान पावतं, आणि इथं लपायला एकशेआठ जागा. भावोजी रांगेच्या या टोकाला, मी त्या टोकाला. ते मोजत पुढं सरकत होते, पण सवयीचा आकडा तीन. तीनच्या पुढं गेलं की पुन्हा एकपासून सुरू करत. गुरुजी ओरडत होते की प्रदक्षिणा उलटी घालू नका. धाकटा सापडला तो नैवेद्याच्या पोंगलाजवळ. मधली सापडली नाही, ती आपणहून आली, माझ्या मांडीवर बसली आणि सोनाराला म्हणाली, "मला त्या दोघांपेक्षा मोठे डूल पाहिजेत." समानतेच्या धोरणाला गेलेला तो पहिला तडा. भावोजींचा चेहरा बघवेना.

विसावा मिळेल म्हणावं तर त्या वर्षी दसऱ्याला लागूनच तंजावरची सदय विळा आली. राजराज चोळाचं जन्मनक्षत्र शततारका, तमिळमध्ये सदयम. ऐप्पसी महिन्यातल्या त्या नक्षत्राला तंजावर त्याचा वाढदिवस करतं. ज्याला जाऊन हजारावर वर्षं झाली त्या राजाचा वाढदिवस शहर करतं, आणि आमच्या भावोजींना स्वतःचा आठवत नाही. मोठ्या देवळावर रोषणाई, रस्त्यात माणूस मावत नव्हता. ताईनं तिघांना पोपटी झबली घातली होती, लांबून दिसावीत म्हणून. त्या दिवशी निम्म्या तंजावरनं पोपटी घातलं होतं.

नंदीजवळ पोचल्यावर भावोजी एकदम हळवे झाले. "2010 साली देऊळ हजार वर्षांचं झालं ना, तेव्हा पद्मा सुब्रह्मण्यमबाईंनी इथं हजार नर्तक-नर्तकी एका वेळी नाचवल्या. हजार! एका तालात!" खाली वाकून ते धाकट्याला उजव्या पायात डाव्याची चप्पल का घातली ते विचारू लागले. सरळ झाले तेव्हा पुन्हा बोट हवेत. "एक, दोन..."

गर्दीतून कुणीतरी म्हटलं, "तीन, चार, पाच."

मागं वळून बघतो तो पांढऱ्या वेष्टीतले एक म्हातारे आजोबा आपल्या नातवंडांची मोजदाद करत होते, तीही मराठीत. दोन्ही बाप-आजोबांनी एकमेकांकडे असं पाहिलं की जणू परदेशात गाववाला भेटावा. आडनावं निघाली, गोत्रं निघाली, कुणाच्या आत्याला कुंभकोणमला दिलं ते निघालं. तेवढ्यात थोरला दिसेना. ओवऱ्यांमध्ये, जिथं सरफोजीराजांनी 1803 मध्ये भोसल्यांचा सबंध इतिहास मराठीत भिंतीवर कोरवून ठेवलाय, तिथं तो ओल्या बोटानं अक्षरं गिरवत उभा होता. आदल्याच दिवशी अज्जीनं ताटातल्या तांदळात त्याच्याकडून 'श्री' गिरवून घेतला होता. भावोजी धावत गेले, कवटाळलं, आणि लगेच म्हणाले, "आता ते दोघंपण गिरवणार." त्या दोघांनी गिरवलं. रांगेत, प्रत्येकी एकेक अक्षर, समान.

दिवाळीपर्यंत राहणं मला झेपलं नसतं. पुण्याला परतलो. तिकडं दिवाळी एकाच दिवसाची, नरक चतुर्दशीची. पहाटे तेल लावून न्हायचं आणि भेटेल त्याला 'गंगास्नानम् आच्चा?' म्हणजे 'गंगास्नान झालं का?' असं विचारायचं. मी पाच वाजता मुद्दाम फोन लावला आणि तमिळमध्येच विचारलं.

"तीन आच्चा," भावोजी धापा टाकत म्हणाले. "पण धाकट्याला दोनदा न्हाऊ घातलं असं दिसतंय. म्हणजे एक बाकी. नुसतं तेल लावलेलं कोण आहे ते हाताला लागत नाही, सटकतंय."

मागून ताईचा आवाज आला, "आणि तुमची अंघोळ?"

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग भावोजी म्हणाले, "मी कुठं यादीत आहे?" आणि फोन तसाच चालू ठेवून ते परसाकडे धावले.