युनिटआप्पा

जुळे सोलापूरपासून भवानी पेठेपर्यंत कुठल्याही गल्लीत शिरा, एक युनिटआप्पा सापडतोच. त्याचं खरं नाव वीजबिलावर छापलेलं असतं आणि तेवढ्यापुरतंच उरलेलं असतं. आमचे आप्पा अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब लिहून निवृत्त झाले. कारखान्याला रात्री दहा ते सकाळी सहा वीज स्वस्त मिळायची, त्यामुळे मालकाचा जीव रात्रपाळीवर. आप्पांनी त्यातून आयुष्याचा सिद्धांत काढला : वीज कोथिंबिरीसारखी वेळ बघून घ्यावी.

घरी मात्र सिद्धांताला वाव नव्हता. घराला दिवसरात्र एकच दर, फरक काय तो टप्प्यांचा. शंभराच्या पुढच्या युनिटाला भाव एकदम चढतो. त्यामुळे महिनाअखेरीला आप्पांच्या घरात एकशे एकावं युनिट कुणी जाळलं याची चौकशी बसायची. संशय बहुतेक वेळा सुनेच्या मिक्सरवर.

मग जुलै २०२५ उजाडला. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या विजेवर युनिटमागे ८० पैसे सवलत सुरू झाली. गल्ली त्या मीटरच्या नावानं बोटं मोडत असताना आप्पांनी मीटर बसवायला आलेल्या पोराला चहा पाजला, वर कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून दिली. रात्र स्वस्त असते हा जन्माचा सिद्धांत उलटा झाला, त्याचं थोडं वाईट वाटलं. पण कारण पटलं. दुपारी सौरवीज मुबलक, साठवायची सोय तोकडी, म्हणून ती तेव्हाच वापरून टाका. "ऊन आपलंच की!" आप्पा म्हणाले. एनटीपीसीचा १३२० मेगावॅटचा कोळशावरचा प्रकल्प जवळच असूनही सोलापूरनं जगाला वीज दिली ती उन्हाची, असं त्यांचं तेव्हापासूनचं मत.

दुसऱ्या दिवसापासून घर नऊला जागं होऊ लागलं. म्हणजे माणसं सहालाच उठत, पण काही करत नसत. वॉशिंग मशीन, इस्त्री, घरघंटी, सगळी घड्याळाकडे बघत उभी. नऊ वाजून एक मिनिटाला आप्पा "हां!" म्हणत आणि घरात गिरणीचा भोंगा झाल्यासारखी धावपळ उडे. मुलगा तोवर चुरगळलेल्या शर्टात बँकेत पोचलेला असे.

खरा पेच गिझरचा. आप्पा चाळीस वर्षं पहाटे आंघोळ करून सिद्धेश्वराच्या दर्शनाला जाणारे. पहाटे सवलत नाही, आणि गार पाण्याला पाठ तयार नाही. शेवटी आंघोळ सव्वानऊला आली, दर्शन दहाच्या पुढं गेलं.

"सिद्धरामेश्वराला कळवलं का वेळ बदलल्याचं?" काकूंनी विचारलं.

नातवाची शाळा मात्र सातची. त्याच्यासाठी आप्पांनी आगाऊ आंघोळ काढली : आदल्या दिवशी पावणेपाचला. पोरगं आंघोळ करून खेळायला जाई आणि सहा वाजता मातीनं माखून परत येई. मग आप्पांनी सुधारणा केली. पावणेपाचला गिझर तापवायचा, बंद करायचा, तेच पाणी सकाळी वापरायचं. सकाळी नातू म्हणाला, "आप्पा, हे कोमट पण न्हाई ओ."

एकदा मी न राहवून त्यांच्याच कागदावर हिशेब मांडला. पंधरा लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला जेमतेम ०.६ युनिट लागतं. सवलत अठ्ठेचाळीस पैसे. आप्पांनी कागद तपासला, बेरीज बरोबर असल्याची सही केली आणि म्हणाले, "रोजचे अठ्ठेचाळीस. वर्षाचे करा की!" केले. पावणेदोनशेच्या आसपास निघाले. पैशांकरता हा माणूस हे करतच नव्हता. आयुष्यभर दुसऱ्याच्या फायद्याचे हिशेब लिहिलेल्या माणसाला आता एखादा डाव आपल्या बाजूनं टाकायचा होता, एवढंच.

नळाला मात्र हे कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे पाणी काही दिवसांआड येतं आणि बऱ्याचदा अवेळी. रात्री साडेबाराला गल्लीत "पाणी आलंऽऽ" झालं की आप्पांची मोटार बिनसवलतीच्या दरानं धावते आणि ते मीटरसमोर मयताला आल्यासारखे उभे राहतात.

त्यांचा भाचा इंग्लंडात असतो, लीड्सला. गेल्या थंडीत त्याचा फोन आला : वीज कंपनी विचारतेय, एकच दर हवा की रात्रीचे सात तास स्वस्तवाला? आप्पा खुर्चीत सरळ बसले. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना दर निवडायला सांगत होतं! त्यांनी विचारलेले प्रश्न ऐकून मी चकित झालो. रात्री किती वापरता? घर कशानं तापतं? स्वस्तवाल्यात दिवसाचा दर एकेरी दरापेक्षा किती चढा आहे? भाच्याकडे रात्री आतल्या विटा तापवून दिवसा ऊब सोडणारे हीटर होते. १९७८ पासून तिकडे ही रात्रीच्या दराची सोय आहे, हे भाच्यालाही ठाऊक नव्हतं, आप्पांना होतं. "विटावाले हीटर आहेत तर घे स्वस्तवाला. पण बायको दिवसभर घरून काम करती म्हणतोस, तिचा दिवसाचा वापर आधी लिहून पाठव. मग सांगतो."

भाच्यानं सहज विचारलं, "मामा, तुमच्याकडं घर गरम ठेवायला काय वापरता?"

आप्पांनी वर बघितलं. एप्रिलमध्ये आमचा स्लॅब सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच चार्ज होतो आणि रात्रभर ऊब सोडतो. नेमके सवलतीचे तास, बिल शून्य. फक्त खाली झोपणाऱ्यांचा कूलर बिनसवलतीत चालतो.

"स्लॅब," आप्पा म्हणाले.

"तिकडं न्यायला किती पडंल हो, आपला स्लॅब?" आतून काकूंचा आवाज आला. "घेऊन जा म्हणावं. सगळाच."

आप्पांनी फोन कानाला तसाच धरून कागद ओढला आणि मला विचारलं, "चौरस फुटाला किती किलो धरायचं?"